गंध लावलेली प्रत

"बाई, हात मागे घ्या. विसर्जन व्हायचंय अजून."

नाना खाडिलकर माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आहेत, हे मला कळले नव्हते. संगणकावर पांघरलेल्या रेशमी वस्त्राच्या कडेला पोचलेला माझा हात तेथेच थांबला. नवमीची दुपार होती. मिरजेच्या आमच्या संशोधन मंडळाच्या सभागृहात चौरंगावर सरस्वती मांडलेली होती. तिच्यासमोर पोथ्या, लेखण्या, गुरुजींचे भिंग आणि कोरडी पडलेली जुनी दौत होती. उजव्या हाताला, आपल्या नेहमीच्या मेजावरच, झेंडूची माळ घातलेला मंडळाचा संगणक होता, आणि त्याच्या काचेवर मधोमध कुंकवाचे बोट ओढलेले होते.

"मला प्रत काढायची आहे," मी म्हणाले.

"कसली?"

"नंबूदिरींच्या पत्रांची. उद्या तुम्ही अपडेट करणार. त्याआधी."

"अहो, अनध्याय आहे! या दिवसांत पोथी उघडायची नाही, लेखणी धरायची नाही, हे मी तुम्हाला सांगायचं? गुरुजींच्या शिष्या ना तुम्ही?"

"म्हणूनच आवाहनाच्या आधी प्रत काढा, असे सांगत तुमच्यामागे लागले होते."

"मग काढली की! बॅकअप झालाय. सीडी तयार आहे."

"कोठे आहे?"

नानांनी हनुवटीने चौरंगाकडे खूण केली. "पूजेत."

या प्रसंगाला आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. तरीही तो एक शब्द, 'पूजेत', आणि तो उच्चारताना नानांच्या मुद्रेवर पसरलेले समाधान आठवले की माझ्या हाताची मूठ आजही आपोआप वळते.

आमच्या मंडळाने एकच कार्य अंगीकारले होते: न्यायशास्त्रावरील 'दीपप्रभा' नावाच्या अप्रकाशित टीकेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे. आमच्याकडची पोथी मध्येच तुटलेली होती. उत्तरार्ध उरला होता तो पालघाटजवळच्या एका घरात, मल्याळम लिपीतल्या ताडपत्रांवर. त्या घराचे धनी वासुदेवन् नंबूदिरी. त्यांची आणि माझी भेट कधी झाली नाही, परंतु त्यांच्याइतका सत्त्वशील पंडित मी पाहिलेला नाही, असे मी न पाहताच म्हणते. ते एकेक पान भिंगाखाली धरून वाचीत, पाठ उतरवून घेत, आणि बाजाराच्या गावी जाऊन रोमन अक्षरांत लिहिलेल्या संस्कृतातून मला ई-मेल करीत. पाने इतकी जीर्ण झाली होती की वाचण्यासाठी उचललेले पान पुन्हा उचलता येत नसे. "भगिनि, अद्य पठितं पत्रं श्वो न भविष्यति," असे त्यांनी मला एकदा लिहिले होते. आज वाचलेले पान उद्या असणार नाही.

त्या वर्षी श्रावणात नंबूदिरी गेले. त्यांची कन्या सावित्री कोइमतूरला संगणकाच्याच व्यवसायात होती. तिने फोन केला.

"ताडपत्रांचा भुगा झाला आहे, अम्मा. वडिलांचे एकही पत्र माझ्याकडे नाही. पाठवले की ते आपल्याकडचे पुसून टाकीत. दिलेली वस्तू पुन्हा जवळ ठेवू नये, असे त्यांना वाटे. तुमच्याकडे आहेत ना?"

"आहेत," मी म्हणाले. "सगळी आहेत."

होती, पण कोठे? केवळ त्या एका संगणकात. आमच्या ई-मेलच्या प्रोग्रॅमची घडी अशी होती की पत्र आमच्याकडे उतरले की कंपनीकडचे मूळ नाहीसे होई. ही घडी नानांनी बसवलेली. पूर्वी मी प्रत्येक पत्र कागदावर छापून फायलीत लावीत असे. नाना कार्यवाह झाल्यावर "कागदाची नासाडी" या दोन शब्दांत ते बंद झाले. उत्तरार्धाचे जवळजवळ सारे पाठ त्यानंतरचे.

आणि आता त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती दिवाळीनंतर टपाल घेणार नाही, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली होती. मी सावित्रीला विचारले. ती म्हणाली, "घाबरू नका. नवे टपाल थांबेल, आलेले कोठे जात नाही. बदलायचेच असेल तर आधी पत्रांची मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणू नका."

तिचे शेवटचे वाक्य ऐकून मला भरून आले. आमचे गुरुजी, अच्युतशास्त्री टेंबे, हेच सांगत आले होते. एकाने मूळ धरायचे, दुसऱ्याने उतरवलेले मोठ्याने वाचायचे, आणि अक्षरास अक्षर ताडून झाले की मगच त्या कागदांना प्रत म्हणायचे. तोपर्यंत ती नुसती रद्दी. मंडळातला प्रत्येक कागद या रीतीने गेलेला होता.

नाना ही रीत जाणत होते, पण ती पोथ्यांची आहे, असे त्यांचे मत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि समारंभावाचून कोणतीही गोष्ट घडली असे त्यांना वाटतच नसे. त्यांनी या अपडेटचाही समारंभ ठरवला! विजयादशमीला, विसर्जन होताच, एका निवृत्त प्राचार्यांच्या शुभहस्ते कळ दाबायची. 'मंडळाचे नव्या युगात पदार्पण' अशी निमंत्रणपत्रिका छापली.

"नाना, हे अपडेट आहे. भूमिपूजन नव्हे," असे मी बैठकीत म्हणाले, तेव्हा सभासद हसले. नाना हसले नाहीत.

"बाईंना प्रत्येक चांगल्या कामाला दृष्ट लावल्याशिवाय जेवण जात नाही," ते म्हणाले, आणि ठराव संमत झाला.

असो. नवमीच्या दुपारी मी चौरंगासमोर उभी होते, हे सांगत होते. मी देवीला नमस्कार केला आणि पोथ्यांच्या शेजारची ती सीडी उचलली.

"अहो, अहो! काय करताय?" नाना म्हणाले.

 सीडीची चकचकीत बाजू वर होती, आणि तिच्यावर ओल्या गंधाने काढलेले, आता वाळून घट्ट झालेले स्वस्तिक होते. त्याच्या चारही घरांत अक्षता चिकटल्या होत्या.

ते कोणी काढले, हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. गुरुजींच्या उजव्या अनामिकेचे हाड लहानपणी मोडून वाकडे बसले होते. त्यांनी काढलेल्या स्वस्तिकाचा एक हात नेहमी खाली झुकत असे. माझ्या पहिल्या पाठाच्या पाटीवर त्यांनी तसेच काढले होते.

"ही बाजू वर कोणी ठेवली?" मी विचारले.

"मी. दर्शनी बाजू वर नको? दुसरीकडे नुसतं पेनानं 'बॅकअप' लिहिलंय."

"यंत्र ही बाजू वाचते, नाना."

"मग काय बिघडलं? पुसू की." आणि मी हात मागे घेण्याच्या आत त्यांनी सीडी घेतली, उपरण्याचे टोक धरले आणि भांडे घासावे तशी ती घासली. वाळलेल्या गंधाखाली अक्षतांचे दाणे चिरडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"थांबा!" मी ओरडले.

त्यांनी ती उजेडाकडे धरली. गंध बरेचसे निघाले होते आणि त्याच्या जागी गोल गोल चरे उमटले होते.

"पाहा, झाली स्वच्छ," नाना म्हणाले.

शेजारच्या मुद्रितशोधनाच्या खोलीत दुसरा संगणक होता. त्याची पूजा झालेली नव्हती, कारण तो सभागृहातून दिसत नसे. मी सीडी त्यात घातली. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले, आणि वाचता येत नाही असे सांगून त्याने ती बाहेर ढकलली.

"हिला पूजेत ठेवण्याआधी उघडून पाहिले होते?" मी विचारले.

"उघडायची कशाला? संगणकानंच सांगितलं, काम पूर्ण झालं म्हणून."

"संगणकाने सांगितले! प्राचार्यांच्या नावातली वेलांटी चुकू नये म्हणून पत्रिकेची मुद्रिते चारचारदा तपासलीत, नाना. आणि ही एकदाही उघडली नाहीत?"

"आवाज खाली. देवीसमोर आहात."

"देवीसमोर आहे म्हणूनच बोलते. एक मेलेली वस्तू तिच्या पायाशी ठेवलीत आणि वर हार घातलात!"

"बाई, राग आला की तुमचं संस्कृत कुठं जातं हो?" नाना हसले. "एवढं काय आहे त्या पत्रांत? एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हातारीला कळवलेल्या काना-मात्रा."

त्यानंतर मी जे बोलले ते आयुष्यात पूर्वी कोणाला बोलले नव्हते. मी त्यांना अडाणी म्हटले. निर्लज्ज म्हटले. विद्येच्या दारात उभा केलेला जाहिरातीचा फलक म्हटले. "त्या माणसाने डोळे घालवले त्या पानांवर, आणि तुम्हाला त्यांना हार घालण्यापलीकडे काही सुचले नाही," असे म्हटले. "ज्याला वाचता येत नाही त्याने पूजा करू नये," असेही म्हटले, आणि ते सभागृहाच्या भिंतीवरून परत माझ्या कानी आले.

तेव्हा आतल्या खोलीचे दार उघडले आणि काठी टेकीत गुरुजी आले. पंचाऐंशी ओलांडलेले, दृष्टी पार मंदावलेली. पण चालण्यात मात्र कधी घाई नाही.

"काय झाले?"

"बाई पूजेतल्या वस्तूंना हात लावतायत, गुरुजी," नाना म्हणाले.

"मृणालिनी?"

"गुरुजी, उद्याच्या आधी पत्रांची प्रत निघाली पाहिजे."

"प्रत झाली असे नाना म्हणाले होते."

"ती वाचता येत नाही. नानांनी पुसताना चरे पडले."

"पुसली कशासाठी?"

वर पंखा फिरत होता. नाना माझ्याकडे पाहत होते. गुरुजींची वाकडी अनामिका काठीच्या मुठीवर विसावलेली होती.

"धूळ होती," मी म्हणाले.

नानांच्या भुवया वर गेल्या.  त्यांच्या दृष्टीने धूळ ही सोयीची होती.

गुरुजींनी हात पुढे केला. मी सीडी त्यांच्या हाती दिली. पोथीचे पान चाचपावे तसा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी अंगठा थांबला, पुन्हा मागे गेला. मग त्यांनी ती आपल्या उपरण्याच्या घडीत ठेवली आणि म्हणाले, "ताम्हन आणि अक्षता आण."

"गुरुजी, विसर्जन श्रवण नक्षत्रावर. ते उद्या सकाळी लागतंय," नाना म्हणाले.

"ठाऊक आहे. पंचांग पाहून वेळ मीच काढून दिली होती."

"मग असं अवेळी... लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचे ते त्यांनी श्रवणावर म्हणावे." गुरुजी पाटावर बसले. "देवी वाणीची आहे. तिच्यापायी वाणीच नष्ट होत असेल तर तिला येथे अडवून ठेवण्याचा मला अधिकार नाही."

माझ्या आठवणीत त्यांनी कधी नक्षत्र मोडले नव्हते. ज्वर असताना दोघांनी धरून त्यांना पूजेला बसवल्याचे मी पाहिले आहे. त्यांनी अक्षता घेतल्या, सावकाश, एकही अक्षर न गाळता विसर्जनाचा मंत्र म्हटला, आणि "पुनरागमनाय च" म्हणताच मूर्ती त्यांनी बोटभर हलवली.

"आता उघड," ते मला म्हणाले.

मी माळ काढली, वस्त्राची घडी केली, काचेवरचे कुंकू पदराने टिपले. सावित्रीने सांगितले होते त्याप्रमाणे पत्रांची मूळ फाइल नव्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क मुद्रितशोधनाच्या खोलीतल्या संगणकाला जोडली. क्षणभर काही दिसले नाही. मग एकाखाली एक नंबूदिरींचे नाव उमटू लागले.

"उघडली, गुरुजी!"

"ताडा," गुरुजी म्हणाले. "तू प्रत वाच. नाना, तुम्ही मूळ धरा."

"मी? मला संस्कृत कुठं येतंय?"

"रोमन अक्षरे आहेत. ती येतात ना तुम्हाला?"

दोन खोल्यांमधल्या दारात गुरुजींची खुर्ची ठेवली. ते डोळे मिटून बसले. त्यांच्या एका बाजूने मी वाचीत होते, दुसऱ्या बाजूने नाना अडखळत तेच वाचीत होते. सगळी पत्रे ताडणे शक्य नव्हते. गुरुजी मधूनच एखादा महिना सांगत आणि त्या महिन्यातले पत्र आम्ही काढीत असू. मला नानांचा आवाज सहन होत नव्हता. नंबूदिरींचे शब्द त्या तोंडातून ऐकणे मला विटाळासारखे वाटत होते. "अत्र पत्रं खण्डितम्," नाना वाचत. "श्वः खण्डान् योजयिष्यामि." आणि मग विचारत, "म्हणजे काय?"

"येथे पान तुटले आहे. उद्या तुकडे जुळवीन," गुरुजींनी सांगितले.

"आणि पुढं?"

"पुढचे वाचा."

पुढच्या पत्रात ती ओळ पूर्ण झालेली होती. नानांनी ती, न सांगता, पुन्हा एकदा वाचली. मला त्यांची दया आली नाही.

दिवेलागणीला गुरुजींनी डोळे उघडले. "ही प्रत," ते म्हणाले. मी आणखी एक प्रत करून घेतली. ती दसरा संपताच सावित्रीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. सभागृह भरले होते. प्राचार्यांनी कळ दाबली, टाळ्या वाजल्या, पडद्यावर एक निळी रेघ हळूहळू भरत गेली. मग नवा प्रोग्रॅम उघडला. त्यात एकच पत्र होते: कंपनीने केलेले स्वागत. नंबूदिरी नव्हते. कोणीच नव्हते. जुनी फाइल नव्या आवृत्तीने आपल्या पद्धतीने बांधायला घेतली आणि मध्येच मोडली, असे नंतर सावित्रीने समजावले. त्या क्षणी मात्र सभागृहात कुजबुज सुरू झाली.

नानांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. "काळजीचं कारण नाही. हे आम्ही गृहीतच धरलं होतं. कार्यवाह या नात्यानं मी आधीच दूरदृष्टीनं प्रत काढून ठेवलेली आहे."

पुन्हा टाळ्या वाजल्या.

मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक आहे, आणि त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही. पण गुरुजींनी माझे मनगट धरले. "बस," ते म्हणाले. मला वाटले, समारंभाचा मान राखण्यासाठी ते मला थांबवीत आहेत. मी बसले. मग ते स्वतःच उठले, आणि सभागृह शांत झाले.

उपरण्याच्या घडीतून त्यांनी ती सीडी काढली आणि सर्वांना दिसेल अशी धरली.

"कार्यवाहांनी काढलेली प्रत ही," ते म्हणाले. "हिच्यावर स्वस्तिक मी काढले. आतमध्ये काही वाचता येते की नाही, हे मी विचारले नाही. ताडल्यावाचून प्रत नव्हे, असे मी जन्मभर शिकवले, आणि न ताडलेल्या वस्तूला मी गंध लावले. पत्रे सुरक्षित आहेत. ती काल मृणालिनीने काढलेल्या प्रतीत आहेत, आणि तिच्यासाठी मूळ नानांनी धरले. विसर्जनही मी कालच केले आहे. ज्यांना दोष द्यायचा असेल त्यांनी तो मला द्यावा."

ते बसले. नानांची मान खाली गेली होती. आणि त्यांनाही श्रेयात वाटा मिळालेला पाहून माझा संताप दुप्पट झाला, हेही मी लपवीत नाही.

लोक पांगले. सगळे एकमेकांना सोने देत होते. मी आपट्याचे पान घेऊन गुरुजींच्या खोलीत गेले, नमस्कार केला आणि पान पुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही.

"तू धूळ म्हणालीस," ते म्हणाले.

"हो."

"ते तांदूळ होते."

"गुरुजी, आपल्याला वाईट वाटले असते..."

"नानांना अडाणी म्हणालीस. निर्लज्ज म्हणालीस. वाचता येत नाही त्याने पूजा करू नये, असे म्हणालीस. मला आत सगळे ऐकू येत होते."

"ते मी आजही म्हणेन."

"म्हण. चुकीचे नाही ते." इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेले पाहिले नव्हते. रागावल्यावर त्यांचा आवाज चढत नसे, तो आणखी हळू होत असे, हे मला त्या दिवशी कळले. "पण त्यातले अर्धे माझे होते."

सोने घेताना धरतात तसा त्यांनी आपला हात माझ्यापुढे उताणा धरला. 

"माझे मला का दिले नाहीस?"